भारंगीची ओटी

भारंगीच्या पानाच्या काठाला करवतीचे दात.

पहाटे जमीन हलली. मांडणीवरची भांडी वाजली. कोयनेच्या खोऱ्यात एवढ्यासाठी कुणी उठत नाही.

भारंगीची भाजी: उकडा, पाणी ओतून द्या, पिळा, मग फोडणी. पाणी ठेवलंत तर कडू.

शालूबाईचा कुंकवाचा करंडा. नवरा गेल्यापासून झाकण गंजून बसलेलं.

फ्लेक्स: स्वच्छ गाव, सुंदर गाव. खाली सरपंच ऋषिराज, हात जोडून.

दुपारी स्पर्धेची समिती येणार होती. देवळामागच्या बांधावर भारंगीची झुडपं माजलेली. आकाराम गवत कापायचं मशीन खांद्याला अडकवून उभा, आणि त्याच्यापुढे शालूबाई. बसलेली.

"काकी, सरका."

"न्हाई."

"आवं, रानटी झाड हाय ते!"

"मग मीबी रानटीच. काप."

ऋषिराज धावत आला. "काकी, झाडी दिसली की मार्क जात्यात. हितं गुलाब लावू."

"गुलाबाची भाजी करतोस व्हय रं?"

नळावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. ऋषिराजचे कान तापले. "बसा. कवातरी घरी जालच की."

शालूबाई खरंच उठली, घरी गेली. आकारामनं दोरी ओढली. मशीन नुसतं खोकलं. ते चालू व्हायच्या आत ती परत आली. हातात करंडा, खण, नारळ, पदरात तांदूळ.

इथं एक रीत आहे. ओटी भरलेल्या झाडाला कुणी कोयता लावत नाही.

आणखी एक आहे. विधवेनं ओटी भरायची नाही.

नळ वाहत राहिला. "आवं काकी, तुमी?" धाकटी अंकिता म्हणाली.

"मी. का? माझ्या हाताला काय झालंय?"

झाकण निघेना. तिनं करंडा दगडावर आपटला. बुंध्याला हळद, कुंकू. फांदीवर खण. मुळाशी तांदूळ, नारळ. बोटाला उरलेलं कुंकू तिनं सगळ्यांदेखत स्वतःच्या कपाळाला लावलं.

"असली ओटी चालत न्हाई," ऋषिराज म्हणाला.

"मग काप की."

"आकाराम, काप रं."

आकारामनं चपला काढल्या. मशीन उतरवून ऋषिराजच्या पायाशी ठेवलं. "तूच काप, गड्या."

ऋषिराज मशीनकडं बघत राहिला. मग कुंकवाकडं. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, तसा तो शर्ट खोचत समितीला सामोरा गेला. रिकाम्या हातानं.

शालूबाई फलटणकडच्या ऊसपट्ट्यातली. लग्न होऊन इथं येईपर्यंत तिनं भारंगी पाहिलीही नव्हती.