काचेला काही होत नाही

सासरे घड्याळजी. आपल्या हातातलं घड्याळ लेकीला द्यायचं, असं ते चारचौघांत बोलले होते. पण शेवटच्या आजारपणात माझ्या मेहुण्याने नाडी बघायला त्यांचा हात धरला, आणि सोडला तेव्हा मनगट मोकळं होतं.

मेहुणा जुन्या घड्याळांचा संग्राहक. दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही. बायको मात्र वडिलांच्या टेबलाशी बसूनच मोठी झालेली. ती भांडली नाही. ती भांडत नाही तेव्हा मी चहासुद्धा स्वतःच करून घेतो.

वर्षभराने मेहुणा तेच घड्याळ घेऊन आला. काच सैल होऊन हातात आली होती आणि रविवारी प्रदर्शन होतं.

"ताई, बसवून दे ना. तुझा राग गेला ना आता?"

"राग कसला? आधी काचेच्या कडेचा जुना गोंद काढून आण. तुझ्या बायकोकडे नेलपॉलिश काढायचं पाणी असेल, त्याने पूस."

"खराब नाही ना होणार?"

"काचेला त्याने काही होत नाही." मग तिने बोट उगारलं. "तबकडीवर थेंब उडाला तर मात्र याद राख."

तेवढ्या मायेने तो विरघळला.

दुसऱ्या दिवशी आला तो पडेल चेहऱ्याने. पांढरीफटक काच पुढे करून म्हणाला, "ताई, मोतीबिंदू झाला गं याला."

"अरेरे," बायको म्हणाली. इतकं चवीने म्हटलेलं अरेरे मी आजवर ऐकलेलं नाही.

"मूळ काच गेली म्हणजे आमच्या मंडळींत याला कुणी विचारणार नाही."

"मग ठेव इथेच. बाबांची आठवण आहे, आंधळी असली तरी चालेल मला."

मेहुण्याला एकदम औदार्य सुचलं. "भाऊजी, तुमच्यासमोर देतोय. आजपासून हे ताईचं."

मी साक्षीदार म्हणून मान डोलावली. बायकोने वडिलांच्या टेबलाचा खण उघडला, पुडीतून एक नवीकोरी काच काढली आणि घड्याळावर ठेवून अंगठ्याने दाबली. टक्.

"तुझ्याकडे काच होती?"

"काच नाही रे, प्लास्टिक. म्हणायचं आपलं काच. त्या पाण्याने प्लास्टिकच पांढरं पडतं. काचेला खरंच काही होत नाही."

मेहुणा उठला. जाताना सवयीने त्याने मनगट पाहिलं. ते मोकळं होतं.

बायकोने आपल्या हाताकडे पाहून त्याला वेळ सांगितली.