राणी कीड

"पाणी बघा, पाणी! चौदा निघाल्या, चौदा!"

भाड्याच्या सभागृहातून निघालेली रांग पार रस्त्यावर आली होती. आत टेबलावर पाण्याने भरलेली परात, तिच्या मधोमध निखाऱ्यांची वाटी. निखाऱ्यांवर चिमूटभर बी पडायचं, रोग्याने तोंड उघडून त्या धुरावर वाकायचं आणि वरून चादर. पाच मिनिटांनी चादर उठली की पाण्यात बारीक पांढऱ्या किडी! स्वतःला 'दंतसम्राट' म्हणवणारा इसम चिमट्याने एकेक उचलून दाखवत होता.

"सुई नाही, सुरी नाही, रक्ताचा थेंब नाही! डॉक्टर दात काढतो, मी दोष काढतो!"

लोक हात जोडत होते. माझं पित्त खवळत होतं, कारण त्या चौदा किडी माझ्या वहिनीच्या नावावर जमा झाल्या होत्या. तीन दिवस तिचा गाल सुजलेला. सकाळपासून सूज जबड्याखाली उतरली होती, अंगात ताप होता आणि तोंड जेमतेम एक बोटभर उघडत होतं.

मी घड्याळं दुरुस्त करतो, लोकांची डोकी नाही. तरी सकाळपासून दादाच्या मागे लागलो होतो, चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे चल म्हणून. त्याचं उत्तर तयार होतं. "महिन्यापूर्वी त्याच बाई म्हणाल्या ना, दाढेला कीड लागलीय? म्हणजे कीड आहे हे त्यांनाही मान्य. त्यांना काढता येत नाही, एवढंच!"

मी कपाळावर हात मारला. दात सडला की आपण कीड लागली म्हणतो, ही बोलायची पद्धत. दादा शब्द धरून बसला होता आणि सम्राटाचं सगळं साम्राज्य त्या एका शब्दावर उभं होतं.

"ही नुसती पिल्लं," सम्राट म्हणाला. "राणी कीड आतच आहे. ती उद्या निघेल. तोवर औषध घ्यायचं नाही, नाहीतर ती मेंदूत चढेल."

वहिनीने माझी बाही ओढली. "भाऊजी, थुंकीसुद्धा गिळवत नाही हो." शब्द नीट उमटतही नव्हते.

"दादा, उठव तिला!"

"उद्यापर्यंत दम धर. एवढी माणसं काय वेडी आहेत?"

"हो, आहेत!" मी ओरडलो. निम्मी रांग माझ्या अंगावर आली.

तेवढ्यात आमचे काका पुढे झाले. "भांडू नका रे. सम्राट, माझी उजवीकडची खालची दाढ फार ठणकते. तेवढी बघा." काका चादरीखाली गेले. ती पाच मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. चादर उठली. नऊ किडी!

"जुनाट कीड आहे!" सम्राट गरजला. "वीस वर्षं दाढ पोखरतेय!"

काकांनी तोंडात बोटं घातली, अख्खी कवळी बाहेर काढली आणि परातीत टाकली. "ही चार वर्षांपूर्वी करून घेतली," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "माझा स्वतःचा एक दात नाही. तुझी कीड प्लास्टिक खाते होय रे?"

कुणीतरी फिसकन हसलं. दादाने परातीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि तिला उचलूनच बाहेर आणलं. निघताना मी बियांची पुडी खिशात टाकली.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीला खुर्चीत बसवलंही नाही. जबड्याखाली दाबून पाहिलं, जीभ उचलायला सांगितली, श्वासाला त्रास होतो का विचारलं. "पू गळ्याकडे उतरतोय, श्वास कोंडेल. हे इथे जमणार नाही. मोठ्या रुग्णालयात चला, मी फोन करते."

"म्हणजे तुम्हालाही जमत नाही?" दादा म्हणाला.

"नाही जमत. म्हणूनच पाठवतेय."

तासाभरात गळ्याला छेद देऊन पू काढला, सडलेली दाढ काढली. वहिनी अकरा दिवस तिथे होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर ती हाती लागली नसती.

ती घरी आल्यावर मी दादाला दुकानात बसवलं. बशीत पाणी, मध्ये निखारा, त्यावर पुडीतलं बी. आसपास कुणाचं तोंड नाही. बी तडतडलं, साल फुटली, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडला. मग दुसरा, मग तिसरा. माझं घड्याळाचं भिंग दादाच्या डोळ्याला लावलं. किडीला डोकं नव्हतं, तोंड नव्हतं, होती दोन मिटलेली इवलीशी पानं.

"यासाठी मी तिचा जीव घालवत होतो," दादा म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याची समजूत काढली नाही. माझा राग अजून उतरलेला नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. दातदुखीत गाल सुजला, ताप आला की त्याच दिवशी दातांचा डॉक्टर गाठा. तोंड उघडेना, गिळवेना, श्वास अडायला लागला तर थेट रुग्णालय. रांग किती लांब आहे ते बघू नका. शिक्षण कुठलं, हत्यारं निर्जंतुक केली का, करणार काय, हे तोंडावर विचारा. प्रामाणिक डॉक्टर रागावत नाही, आणि झेपत नसेल तर तसं सांगतो. उपचार चादरीखाली चालले असतील तर आधी चादर ओढा. माझी वहिनी वाचली ती काकांच्या तोंडात दात नव्हते म्हणून. तुमच्या घरी असे काका नसतील, तेव्हा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल, आणि तो वेळेत विचारा.