मानाची पोळी

गोजराबाईच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. पुरण शिजलं, वाटलं, पोळ्याही झाल्या, तरी तिचं आपलं चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत चालूच. आज होळी, आणि आजची मानाची पोळी तिची होती.

गावच्या होळीत पहिला नैवेद्य पाटलीणबाईचा, ही रीत. पाटीलकी कोंडाजीच्या घरात बापाकडून लेकाकडे चालत आलेली, म्हणून पोळी कायम त्याच्या बायकोची, साळूबाईची. पण अडुसष्ट साली नवा कायदा लागू झाला. पोलीस पाटलाचं पद वंशपरंपरेतून निघालं, आता कुणीही अर्ज करावा. गोजराबाईच्या नवऱ्याने, कुशाबाने, केला. पौडला तालुक्याच्या कचेरीत साहेबाने विचारलं, "गावात भांडण लागलं तर मिटवाल का?" कुशाबा म्हणाला, "घरी रोजचा सराव हाय, साहेब." साहेब हसला आणि नेमणूक झाली.

तेव्हापासून गोजराबाईला एकच ध्यास, कुणीतरी आपल्याला पाटलीणबाई म्हणावं. पण गावाच्या जिभेला ते वळणच नव्हतं. पाणवठ्यावर बाया तिला गोजरा म्हणत आणि साळूबाई दिसली की पदर सावरून पाटलीणबाई. गोजराबाईचा नुसता जळफळाट होई. आज मात्र सगळ्या गावादेखत सोक्षमोक्ष लागणार होता.

दिवेलागणीला नवं लुगडं नेसून ती ताट घेऊन निघाली. होळी पेटली होती, आणि समोरून साळूबाईही ताट घेऊन येत होती. ढोल वाजवणाऱ्यांचे हात थांबले.

"हुद्दा गेला, मान न्हाई गेला," साळूबाई म्हणाली.

"मान हुद्द्याचाच असतुया," गोजराबाईने ठणकावलं. "सरकारनंच सांगितलंय."

सरकारने पोळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण एवढं कोण बघतंय.

तेवढ्यात वारा फिरला. ठिणगी उडून बहिरूच्या पेंढ्याच्या उडवीवर पडली आणि भडका उडाला. कुशाबा आणि कोंडाजी दोघेही हाका मारत धावले. गोजराबाईने ताट तिथंच जमिनीवर ठेवलं, पदर खोचला आणि पळत सुटली. विहिरीपासून बायांची रांग लागली, घागरी हातोहात येऊ लागल्या. गोजराबाई सगळ्यांत पुढं, आगीच्या तोंडाशी. धुरात मागचं काही दिसेना.

"पाटलीणबाई, घागर द्या!" ती ओरडली.

जुन्या सवयीने ओरडली आणि जीभ चावली. मागं खरोखर साळूबाईच होती, केस सुटलेले, लुगडं चिंब.

"पाटलीण आता तू हायेस," ती धापा टाकत म्हणाली. "तू सांगशील तितं वतते. बोल लवकर."

गोजराबाईने बोट दाखवलं आणि साळूबाईने घागर ओतली. अर्धी उडवी वाचली.

परत येऊन बघतात, तर गोजराबाईचं ताट कुत्र्याने चाटूनपुसून लख्ख केलेलं. तिला रडूच कोसळलं. साळूबाईने ओट्यावर ठेवलेलं आपलं ताट उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"धर. पुरण माझं हाय, नाव तुझं व्हईल. चल, हो फुडं."

गोजराबाई रडता रडता हसली. साळूबाई मागं राहायला लागली, तेव्हा तिने तिला कोपराने ढोसून बरोबर घेतलं. दोघी होळीजवळ गेल्या, तशी गर्दीतून कुणीतरी काळजीने म्हणालं, "पाटलीणबाई, पदर सांभाळा."

दोघींनीही एकदमच पदर आवरला.