भिंतीवरचा व्यंकटी

मालिकेत व्यंकटी मेला तो घाटात गाडी कोसळून, आणि प्रेत काही सापडलं नाही. हे प्रेत न सापडणं फार महत्त्वाचं बरं का. मालिकेत ज्याचं प्रेत सापडत नाही तो कधीही दारात येऊन उभा राहू शकतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच एका आशेवर व्यंकटी मुंबईची खोली सोडून नांदेडात येऊन बसला होता. लग्नकार्यात माईक धरायचा, सुट्टीत पोरांची नाट्यशिबिरं घ्यायची, आणि मुंबईहून फोन येण्याची वाट बघायची.

मालिकेत तोवर त्याचा फोटो होता. नायिकेच्या दिवाणखान्यात, हार घातलेला. ती बाई रोज त्याच्यापुढं उभी राहून डोळे पुसायची आणि सगळी गाऱ्हाणी त्याला सांगायची. जिवंत होता तेव्हा त्याच्याशी इतकं कधी बोलली नव्हती.

फोटो व्यंकटीनंच दिलेला. सेटवरून घाईनं मागितला आणि हाताला लागला तो त्यानं पाठवून दिला. नांदेडच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं, त्या दिवशी नाट्यगृहाच्या पायरीवर काढलेला. शेजारी त्याची माय धुरपता, नव्या लुगड्यात, लेकाच्या खांद्यावर हात ठेवून उभी. सेटवरच्यांनी मायला कापून टाकलं. पण खांद्यावरची चार बोटं काही निघेनात, म्हणून हार जरा डावीकडं ओढून ती झाकली. व्यंकटीला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

अभिनेता म्हणून तो काही ऐरागैरा नव्हता. लातूरला कॉलेजात होता तेव्हा एकांकिकेत असा म्हातारा उभा केला, की परीक्षक ग्रीनरूममध्ये खऱ्या म्हाताऱ्याला शोधत आले. मुंबईत मात्र त्याला आधी भाषा धुऊन ये म्हणाले. त्यानं धुतली. मग नायकाचा मित्र झाला, वकील झाला, पोलीस झाला, आणि चाळिशी उलटल्यावर या मालिकेत नवरा मिळाला. लोक ओळखायला लागले, सेल्फी मागायला लागले, आणि तेवढ्यात घाट आला.

यंदा लातूरच्या एका स्पर्धेत त्याला बक्षीस द्यायला बोलावलं. निवेदकानं ओळख करून दिली, "ज्यांच्या जाण्यानं अख्खा महाराष्ट्र हळहळला, ते आज आपल्यात आहेत." सभागृह खदखदून हसलं. व्यंकटीही हसला. दुसरं काय करणार? खाली उतरल्यावर जो तो एकच विचारायचा, "कधी जिवंत होताय सर?"

आणि नेमका तिथंच विनोदचा फोन आला. विनोद म्हणजे मालिकेच्या निर्मात्याचा उजवा हात. "दिवाळीनंतर तुला आणायचं चाललंय," तो म्हणाला. "एका आश्रमात सापडतोस. चॅनेलला आवडलंय. फक्त कुठं बोलू नकोस." व्यंकटीला सभागृहाच्या पायरीवरच बसावंसं वाटलं.

त्या आनंदात तो तसाच गावी गेला. गाव देवणीच्या अलीकडं. थोरला भाऊ वैजनाथ बैलांना पाणी दाखवत होता. त्यानं 'ये' सुद्धा म्हटलं नाही.

"मायकडं बघ जरा," वैजनाथ म्हणाला. "तुझी शिरेल लागली की ताट सारून देती. घास गिळत न्हाई. परवा धर्माबादची मावशी रडत आली. तिला वाटलं खरंच गेलास. माय दर मंगळवारी उपाशी राहून माहूरच्या देवीला हात जोडून राहिली, अन् तू तिकडं हार घालून बसलास."

"दादा, काम हाय ते. मी का हौसेनं बसलो?"

"मला नको सांगू. तिला सांग."

माय खरंच वाळली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. व्यंकटीनं लातूरची मिठाई पुढं ठेवली. तिनं डबा बाजूला सारला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

"येंकट्या, तेवढा हार काढायला सांग रं बाबा," ती म्हणाली. "जित्या माणसाला हार. बघवत न्हाई."

"सांगतो माय."

"देवीची आण?"

"हाव. सांगतो म्हनलो ना."

म्हणाला खरा, पण फोन हातात धरून तो शेताच्या बांधावर नुसत्या येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी लावला. विनोदनं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"अरे, मेलेल्या माणसाच्या फोटोला हार नाही असं कसं दाखवू?" तो म्हणाला. "काढायचा तर फोटोच काढावा लागेल. आणि फोटो काढला म्हणजे ती तुला विसरली. मग तिचं दुसरं लग्न. तीही गोष्ट लिहून तयारच आहे. मग तू आश्रमातून आलास काय नि न आलास काय. विचार कर. आईला म्हणावं, दिवाळीपर्यंत दम धर."

व्यंकटी नांदेडला परतला. आठ-पंधरा दिवस त्याचं कशात लक्ष लागेना. कधी वाटायचं, दिवाळी काय, आलीच. माय काही हारानं मरत नाही. म्हातारपणात जेवण कमी होतंच. कधी आरशात दाढी करताना त्या सुटलेल्या बांगड्या डोळ्यांपुढं यायच्या आणि स्वतःची शरम वाटायची. नाही म्हटलं तरी असा नवरा त्याला पुन्हा मिळणार नव्हता. वय सरत चाललं होतं. यानंतर काकाची कामं, नंतर म्हाताऱ्याची, तीही मिळाली तर.

मग वैजनाथचा फोन आला. माय चक्कर येऊन अंगणात पडली होती. दवाखान्यात सलाईन लावून घरी आणली होती. व्यंकटीनं त्याचा फोन ठेवला आणि लगेच विनोदला लावला.

"काढ," तो म्हणाला.

"नक्की ना? नंतर माझ्या नावानं बोंबलू नकोस."

"काढ म्हणलो ना बाबा."

बोलून झाल्यावर तो रडला. मालिकेसाठी त्याला कधी ग्लिसरीन लागलं नव्हतं, पण हे रडणं वेगळं होतं, त्याला आवाजच नव्हता.

तो भाग लागायचा त्या दिवशी मुद्दाम गावी आला. मायला आपल्या डोळ्यांनी बघू दे, असं त्याच्या मनात होतं. शेजारची नागम्मा आली, वैजनाथ आला, सगळे टीव्हीपुढं बसले. मायपुढं भाकरीचं ताट होतं. नायिका आली, फोटोपुढं हुंदके दिले, हार काढला, फोटो पदरानं पुसला आणि ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

व्यंकटीनं मायकडं बघितलं. माय खिळ्याकडं बघत होती.

"झालं का मनासारखं?" त्यानं विचारलं.

"फोटू कामून काढला?" माय म्हणाली. "मी हार काढ म्हनले व्हते."

"हार निघला की फोटूबी निघतोय माय. तसंच असतंय तिथं."

"मला काय ठावं. त्यात माझा हात व्हता. हार हलला की बोटं दिसायची, या नागम्माला इचार. एखाद्या दिशी दोन, एखाद्या दिशी सगळी. म्हणून ताट सारून बसायची. जेवता जेवता नीट बघता येतंय का? हार तेवढा निघला असता, तर रोज दिसली असती."

नागम्मानं मान डोलावली. वैजनाथ उठून बाहेर बैलांकडं गेला.

व्यंकटीनं मायचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. हलका झाला होता हात, लाकडाच्या चमच्यासारखा.

"मी बसलोय की इथं," तो म्हणाला. "हा बघ."

मायनं खांदा जरा दाबून बघितला.

"तू उद्या सकाळच्या यष्टीनं जाशील," ती म्हणाली. "त्यो कुठं जात न्हवता."

दुसऱ्या दिवशी नांदेडात एका साखरपुड्याचं निवेदन ठरलेलं होतं. व्यंकटी सकाळच्या एसटीनं गेला.