ट्रेंट नदीचे बंधारे

ओमेश्वर बेपत्ता होऊन सहा दिवस झाले होते. इंग्लंडात नॉटिंगहॅम शहरात तो शिकायला गेला होता. संध्याकाळी नदीकाठच्या वाटेनं खोलीवर परत निघाला, तो पोचलाच नाही. पुरानं फुगलेल्या ट्रेंट नदीच्या काठावर पोलिसांना त्याची बॅग तेवढी मिळाली.

इकडं गावात त्याचा बाप झामसिंग रोज विचारायचा, काही कळलं का, आणि सोनिका, त्याची मुलगी, रोज नकारार्थी मान हलवायची. सातव्या दिवशी मात्र त्यानं वेगळंच विचारलं.

"थे नदी कोठून येते, कोठं जाते, मले सांग."

सोनिका मोबाईलवर वाचत गेली आणि वहीच्या पानावर रेघ ओढत गेली. नदी मध्य इंग्लंडातल्या एका माळावर उगम पावते, दक्षिणेला वाहते, मग वळसा घालून उत्तरेला जाते आणि हंबरच्या खाडीत शिरते. पूर्वी तिच्यातून कोळशानं भरलेल्या नावा चालायच्या. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्या गाळात रुतायच्या. म्हणून शंभर वर्षांमागं जागोजागी बंधारे घातले, बाजूला नावा चढवायला-उतरवायला दरवाजे केले. नॉटिंगहॅमच्या खाली सोनिकानं आडव्या रेघा मारल्या. होम, स्टोक बार्डोल्फ, गन्थॉर्प, हेझलफर्ड, न्यूअर्क. शेवटी क्रॉमवेल. तिथून पुढं समुद्राची भरती-ओहोटी.

पान खिशात घालून झामसिंग गावालगतच्या वैनगंगेच्या घाटावर गेला. तिथं बकाराम ढिवर चाळीस वर्षं डोंगा चालवत होता. पंचक्रोशीत कुणी बुडालं की पोलीस त्यालाच बोलवायचे.

झामसिंगनं सगळं सांगितलं तसं बकारामनं पान उलटंपालटं करून पाहिलं. "पोराले पोहता ये का?"

"वैनगंगा पार करे! म्हणून तं म्हणतो, कोठंतरी काठाले लागला असन. बेसुध असन. एखाद्या दवाखान्यात..."

"झामसिंगभाऊ," बकाराम हळूच म्हणाला, "तुमी मले जित्या माणसाचं विचारून राहिले का मेलेल्याचं?"

वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

"मेलेल्याचं," झामसिंग म्हणाला आणि वाळूत बसला.

बकाराम त्याच्या शेजारी टेकला. "पूर होता, म्हंजे पहिल्या बांधावून पाण्यानं त्याले पुढं नेलं असन. पूर उतरला का तो थांबते. दरवाज्याकडचं पाणी उगं रायते, झाडझुडूप तेथंच अडकते. तिकडं पाहा म्हणा. पण लवकर. भरतीच्या पाण्यात गेला तं मंग हाती लागणार नाही."

सोनिकानं दुपारी फोन लावला. तिकडच्या पोलीसबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. त्या जागा एकदा पाहिल्यात, पाणी उतरलं की पुन्हा पाहू, म्हणाली.

ओमेश्वरची आई चंद्रावती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पोराले तुमीच मारून टाकलं," ती नवऱ्याला म्हणाली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. देवापुढचा दिवा तिनं विझू दिला नाही आणि झामसिंगला त्या खोलीत पाय ठेवू दिला नाही.

दहाव्या दिवशी फोन आला. हेझलफर्डच्या दरवाज्याजवळ, अडकलेल्या ओंडक्यांखाली ओमेश्वर सापडला होता. सोनिकानं केलेल्या फोनमुळं सापडला की सापडायचाच होता, ते कुणी सांगितलं नाही. झामसिंगनं विचारलंही नाही. तो सरळ देवाच्या खोलीत गेला. या वेळी चंद्रावतीनं त्याला अडवलं नाही.

पंधरा दिवसांनी नागपूरच्या विमानतळावरून पेटी गावात आली. अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी भावकी जमली, अस्थी वैनगंगेत सोडायला निघाली. चंद्रावतीनं मडकं छातीशी धरलं.

"पाण्यात नाही," ती म्हणाली. "आता पोराले पाण्यात नाही टाकू देत."

"वहिनी, असं कोठं होते का?" चुलतभाऊ टिकाराम म्हणाला. "पोराले गती कशी भेटन?"

सगळ्यांनी झामसिंगकडं पाहिलं. पिढ्यानपिढ्यांची रीत त्यालाही ठाऊक होती.

"तिच्या मनासारखं होऊ द्या," तो म्हणाला.

टिकाराम रागानं निघून गेला, त्याच्यामागं आणखी चौघं गेले. उरलेले अस्थी पुरायला शेतावर आले. धान कापून नेलेल्या बांधीत, त्या मोकळ्या खाचरात, झामसिंगनं कुदळ मारली. भुई दगडासारखी झाली होती, हातभर खणायला त्याला घटकाभर लागली. चंद्रावती मडकं घेऊन उन्हात उभीच होती.