वीस ग्रॅमची पोळी

"आवं सिद्धूदादा, पाऊस कुटाय? रेनकोट घालून पळताय त्ये!"

बांधावरून बैल धुवायला घेऊन निघालेल्या विश्वजीतनं हटकलं, पण सिद्धू थांबला नाही. आत दोन स्वेटर, वर रेनकोट, डोक्याला कानटोपी असा अवतार करून तो उसाच्या कडेनं पळत होता. आज बेंदूर. अख्खा गाव बैलांची शिंगं रंगवण्यात दंग, आणि हा बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी घाम काढत सुटलेला. उत्तर द्यायचं तर तोंडात थुंकी तरी हवी, तीही नव्हती.

सिद्धू जॉकी होता. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर त्यानं तेवीस वर्षं घोडे पळवले. गावाला वाटायचं, गडी रंगीत रेशमी शर्ट घालतो, घोड्यावर बसतो, आणखी काय पाहिजे? पण तो शर्ट कांद्याच्या सालीसारखा पातळ, बूट त्याहून पातळ आणि खोगीर जेमतेम अर्ध्या किलोचं, हे कुणाला ठाऊक? सामानातून वाचवता येईल तेवढं वजन वाचवायचं आणि उरलेलं अंगातून काढायचं, हा धंदा. पोटाला चिमटा काढून पोट भरायचं म्हणतात ते हेच.

गेले चार महिने त्याला एकही घोडा मिळाला नव्हता. नव्या पोरांची चलती होती. मग बुधवारी ट्रेनरचा फोन आला. रविवारी पुण्याला एक घोडी पळणार होती. शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठरवतात, साध्यावर कमी. तिच्यावर वजन ठरलं होतं एक्कावन्न किलो, जॉकी, कपडे, खोगीर सगळं धरून. "भरशील?" ट्रेनरनं विचारलं. "भरतो," सिद्धू म्हणाला. नाही भरलं तर हा फोन शेवटचा, हे दोघांनाही न बोलता कळलं होतं. आज शुक्रवार, आणि तो अजून सव्वा किलो जास्त होता.

अशा वेळी सणाला घरी यायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण आईनं, बनुबाईंनी, तेवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून 'ये' म्हटलं होतं. चैत्रात त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला होता.

तो घरात शिरला तेव्हा बनुबाई चुलीपुढं बसल्या होत्या. थोरली सून संयोगिता पुरणपोळ्या भाजत होती, पण लाटणं मात्र बनुबाईंनी सोडलं नव्हतं.

"आई, म्या खाणार न्हाई. तुला ठावं हाय."

"ठावं हाय म्हनून तर काटा मागवलाय. बाळासो, आण रं."

थोरला भाऊ बाळासो विट्याच्या कितीतरी लोकांसारखा परमुलखात सोनं गाळायचं दुकान चालवायचा. सणाला आला की सोनं तोलायचा छोटा काटा त्याच्या खिशात असायचाच. बनुबाईंनी त्यावर आधी एक पोळी ठेवली. बहात्तर ग्रॅम.

"लय झालं व्हय?"

मग त्यांनी लिंबाएवढाही नाही असा उंडा घेतला. उजवा हात मांडीवर पडलेला, आणि डाव्या हातानं त्या लाटत होत्या. पोळी वेडीवाकडी झाली, तळहाताएवढी. संयोगितानं ती भाजून काट्यावर ठेवली. बरोबर वीस.

"तूप लावलं न्हाई बघ," बनुबाई म्हणाल्या. "तुपाला बी वजन असतंय."

"सोनं असतं तर दोन तोळं!" बाळासो हसला.

जायफळाचा वास सिद्धूच्या नाकात शिरला. वीस ग्रॅम म्हणजे दोन मिनिटांचा घाम, त्याला हिशेब पाठ होता. भीती ग्रॅमची नव्हतीच. तीन दिवस निजवून ठेवलेली भूक एका घासानं जागी झाली असती, आणि मग दुरडीतली एकही पोळी शिल्लक राहिली नसती. तसं एकदा झालं होतं. हातातला चांगला घोडा गेला होता.

"नको आई."

"वीस ग्रॅमनं घोडी मरत्या व्हय रं?" बाळासो भडकला. "डाव्या हातानं लाटल्या तिनं. डोळं उगडून बघ की!"

"वरडू नगंस त्याच्यावर," बनुबाई म्हणाल्या. "त्याचं काम हाय त्ये."

त्यांनी पोळी ताटलीत ठेवून वर वाटी पालथी घातली. संध्याकाळच्या एस्टीनं सिद्धू गेला.

रविवारी जॉकींच्या खोलीत तो खोगीर छातीशी धरून काट्यावर उभा राहिला. एक्कावन्न, काडीमात्र जास्त नाही. त्याचा जीव हरखला होता. जॉकींचे कपडे आणि खोगिरं सांभाळणारे मिरजेचे मोहिद्दीनचाचा मात्र त्याच्याकडं बघेनात.

"काय झालं, चाचा?"

"सगळ्यात जास्त वजन ठरलेला घोडा होता न्हवं, त्यो सकाळी लंगडला. काढला रेसमधनं. आता नियमाप्रमाणं बाकी समद्यांची वजनं वाढली. तुझं त्रेपन्न."

"दोन किलो?"

"व्हय. आता शिसं घालाय लागंल गड्या."

चाचांनी खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाचे तुकडे एकेक सरकवले. सिद्धू बघत उभा राहिला. चार दिवस अंगातून जे ओरबाडून काढलं, ते आता शिसं होऊन घोडीच्या पाठीवर चढत होतं. त्याला रडायला आलं असतं, पण अंगात पाणी नव्हतं.

घोडी तिसरी आली. ट्रेनरनं पाठीवर थाप मारली. "पुढच्या रविवारी दोन घोडे आहेत," तो म्हणाला. म्हणजे सिद्धू टिकला होता. रेसनंतरचं वजन देऊन, खोगीर बाकावर ठेवून तो शेजारी बसला आणि त्यानं घरी फोन लावला.

"आई, तिसरा आलो."

"पडला न्हाईस न्हवं?"

"न्हाई. आई, ती बारकी पोळी ठिवलीस का गं? म्या उद्या येतो."

"आरं, ती व्हय? तू गेल्यावर बैलाला घातली. त्याचा सण. एका घासात खाल्ली बघ त्यानं. त्येला कुटं काट्यावर हुबं ऱ्हायचं असतंय!" बनुबाई हसल्या.

"मग दुसरी कर की. तसलीच."

पलीकडं बनुबाईंचं हसू थांबलं.

"आता न्हाई रं हुणार. त्या दिवसापास्नं डावा हात बी उचलंना. संयोगिता करंल की, ती चांगली करती. ये तू."

फोन ठेवला तेव्हा मोहिद्दीनचाचा हात पुढं करून उभे होते. "शिसं दे बाबा. पुढच्या रेसला लागतंय."

सिद्धूनं खोगिराखालच्या कापडाच्या खिशांतून एकेक तुकडा काढून दिला. सगळ्यात बारका तुकडा तेवढा तळहातावर राहिला. त्याचं वजन सांगायला त्याला काटा लागत नव्हता. वीस ग्रॅम.

"दे की रं," चाचा हळूच म्हणाले.

"देतो," सिद्धू म्हणाला आणि आणखी थोडा वेळ तसाच बसला.