देवीला न दिसलेली सुपारी

मारुतीच्या पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. सिरसाळ्याचा बाजार टाकून माणसं आमच्या गावात लोटली होती. कशासाठी? तर डोळ्यांवर भगवी पट्टी बांधलेला एक धडधाकट बुवा सुपाऱ्यांचा आकडा सांगतो म्हणून!

बायका घोंगडीवर सुपाऱ्या मांडत. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, अशी वाढती पायरी. मांडून झाली की बद्रीनाथबुवा विचारी, "शेवटली ओळ कितीची? तेवढंच मोठ्यानं बोला. आईला आवतन लागतं."

"धाची!"

बुवा दोनदा घुमे आणि सांगे, "पंचावन्न!" मोजलं तर पंचावन्नच.

"पंधराची!"

"एकशेवीस!" मोजलं तर तेवढ्याच. लोक मातीत लोळण घेत. सांजेला सगळ्या सुपाऱ्या बुवाच्या झोळीत जात. आईला सुपारी चालत नसावी.

"भिवराआक्का, ह्याला म्हनतेत साक्षात्कार," शेजारचा सटवा म्हणाला.

"मंग पाऊस कवा पडंल ते इचार की त्याला. सुपाऱ्या तर माझी नातबी मोजती," मी म्हणाले.

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण निजामाच्या मोगलाईत त्या साली फऱ्या रोगानं गोठेच्या गोठे ओस पडले, त्यात आमचीही बैलजोडी गेली. माझा थोरला धर्मराज, मिशा आहेत पण अक्कल नाही, तो बुवाच्या पायांशी गेला. बुवा म्हणाला, "घरात डाकीन हाय. धाकली बाई." घरात धाकली बाई एकच, धर्मराजाची बायको सुंदरबाई. आकडा खरा, म्हणून हेही खरं! पोरानं सटवाचे बैल मागून गाडी जुंपली. बायकोला माहेरी कायमचं टाकून यायचं ठरवलं. डाकीण म्हणून टाकलेल्या पोरीला माहेरचं दार तरी उघडतं का?

सुंदरबाई भांडकुदळ आहे, कालवण खारट करते, हे मी चारचौघांत सांगेन. पण माझी सून काढायची झाली तर मी काढीन. पट्टी बांधलेल्या भामट्यानं माझ्या उंबऱ्यात बोट घालायचं नाही.

गाडी पारापाशी आली तशी मी ती थांबवली, दोघांना खाली उतरवलं नि म्हणाले, "बुवा, गाडी जायच्या आधी एकदा माझ्या हातची मांडणी सांगा."

बाराची पायरी मांडली. मधल्या आठाच्या ओळीत सातच ठेवल्या आणि आठवी गालात सरकवली. कुणाला कळलं नाही. देवी मोजते म्हटल्यावर माणसं डोळे वापरायचं सोडतात.

"शेवटली बाराची," मी म्हणाले.

बुवा घुमला. "अठ्ठ्याहत्तर!"

"सटवा, मोज."

सटवानं मोजल्या. परत मोजल्या. "सत्त्याहत्तर भरत्यात की."

पण बुवा कसला डगमगतोय! तो ओरडला, "डाकीन हाय म्हनलं न्हवतं? तिनंच गिळली एक!"

सगळ्यांच्या माना सुंदरबाईकडं वळल्या. कुणीतरी ढेकूळ उचललं. धर्मराजानं तिचा दंड धरला. ती रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मी सुपारी तळहातावर थुंकली.

"ही घ्या तुमची अठ्ठ्याहत्तरावी. सोड रं तिचा हात! बुवा, तुमच्या आईला समद्या सुपाऱ्या दिसल्या, अन् माझा फुगलेला गाल तेवढा दिसला न्हाई?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "आक्का, पन मंग रोज आकडा कसा बरोबर यायचा?" सटवानं विचारलं.

मी घरून गोवऱ्यांची पाटी मागवली. "हे बघ. एक, दोन, तीन, चार, अशी पायरी. तिच्याशेजारी तेवढीच दुसरी, पन उलटी, चार, तीन, दोन, एक. आता दोन्ही भिडव. समद्या ओळी सारख्या झाल्या का? दर ओळीत पाच, ओळी चार. ईस झाल्या. त्यातली आपली पायरी निम्मी, म्हंजी धा. हेच बाराला कर. बारा ओळी, दर ओळीत तेरा, एकशेछप्पन्न. निम्म्या अठ्ठ्याहत्तर. शेवटली ओळ त्याच्या कानात तुमीच ओरडून सांगता. त्या आकड्याला एकानं मोठ्या आकड्यानं गुणायचं अन् निम्मं करायचं. कितीबी ओळी असू द्या."

"ईस ओळी?" धर्मराजानं पुटपुटत विचारलं.

"ईस एकवीस चारशेईस. निम्मे दोनशेधा. पड आता माझ्या पाया!"

बुवा पट्टी सोडून झोळी शोधत होता.

"थांबा," मी म्हणाले. "गाडी जुंपलेलीच हाय. धर्मराज, ह्याला सिरसाळ्याच्या वाटंला टाकून ये."

गाडी गेली. घोंगडीवरच्या सुपाऱ्या सुंदरबाईनं ओच्यात भरल्या. ज्या सरस्वतीबाईनं ढेकूळ उचललं होतं, तिनं ते हळूच खाली ठेवलं.

गोवऱ्या थापणाऱ्या बाईला कळतं ते शहाण्या बाप्यांना का कळू नये? चमत्कार दाखवला कुणी की पाया पडायच्या आधी त्यातली एक सुपारी काढून घ्या, आणि बघा देवीला कळतं का. नाही कळलं, तर ती देवी नव्हे, हिशेब आहे. आणि हिशेब कुणाच्याही लेकीला डाकीण ठरवत नाही.